अंदाजपत्रकातला पंचविसावा माणूस

छापखान्याच्या धाकट्या मालकानं सकाळीच तपास करणाऱ्या भिंगबाईंच्या टेबलावर दोन कागद ठेवले. सहा वर्षांपूर्वी भांडून त्याच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, आणि त्यानं छापखाना वाटून घेतला होता. छपाई तिच्याकडे, बांधणी त्याच्याकडे. संगणकावरच्या माणसांच्या याद्याही वेगळ्या झाल्या. एका यादीतल्या माणसाला दुसरीकडे प्रवेश नाही. आता वेगळं राहूनच मेल, प्रिंटर आणि फायली दोघांत मिळून वापरायच्या होत्या. इंजिनिअरनं या कामाच्या खर्चाचा अंदाज काढून एक छापील प्रत धाकट्याला दिली होती. पण काल बैठकीत ताईच्या संगणकावरून आलेल्या प्रतीत आकडा तिप्पट होता.

"कुणाला तरी आमचं जुळायला नकोय," तो म्हणाला.

भिंगबाईंनी कागद शेजारी ठेवले. मालक धरून पहिल्यात ताईकडे चोवीस माणसं, धाकट्याकडे अठरा. दुसऱ्यात पंचवीस आणि सतरा. तपासाला नेहमी सोबत असणारे त्यांचे दीर म्हणाले, टायपिंगची चूक असणार.

संगणकातली त्या अंदाजाची फाईल तिघांनाच उघडता येत होती: इंजिनिअर, ताईचा हिशेबनीस आणि स्वतः ताई. इंजिनिअर म्हणाला, बेत फिसकटला तर माझंच काम जाईल. हिशेबनिसाला वेगळीच धास्ती होती. छापखाने एक झाले तर दोन हिशेबनीस कशाला ठेवतील? ताईनं फक्त चहा दिला.

दुपारी भिंगबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"वेगळं राहून मिळून वापरणं महाग दिसलं, की स्वस्त मार्ग एकच उरतो. दोन याद्यांची एक यादी. म्हणजे पुन्हा एकच छापखाना. इंजिनिअरचं त्यात नुकसान, हिशेबनिसाला तर तेच नको होतं."

"मग फायदा कुणाचा?" दिरांनी विचारलं.

"भावोजी, एकूण माणसं दोन्हीकडे बेचाळीसच. एकच माणूस इकडून तिकडे गेलाय. धाकट्याला अजून आपल्याच घरात मोजणारं इथे कोण आहे?"

ताईनं मान खाली घातली. "पुन्हा एक होऊ या, असं सरळ सांगायला जीभ रेटेना," ती म्हणाली. "खर्च मुद्दाम वाढवला. माणसं मात्र सवयीनं मोजली गेली."

धाकट्यानं दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग तो इंजिनिअरला म्हणाला, "एकाच यादीचा अंदाज काढा. आणि हिशेबनीस दोघंही राहतील."

संध्याकाळी भावंडं यंत्रघरात तावातावानं भांडत होती. कागद कापायचं यंत्र खिडकीपाशी हवं की दारापाशी, एवढाच वाद होता. कामगार हातातलं काम सोडून ऐकत होते, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.