एकशे वीसवर अडलेला खांदा

कप्पीची दोरी धरायला दोघांनी एकदमच हात पुढे केले. व्यायामोपचार केंद्रात त्या सकाळी गर्दी होती आणि कप्पी एकच मोकळी होती.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"असं बघा," तो म्हणाला. "तुमचा उजवा खांदा आखडलाय, माझा डावा. दोघं मिळून एक धड माणूस होतो की."

ती हसली नाही. चौतीस वर्षं रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेलेली. अनोळखी माणसाच्या बोलण्यावर लगेच हसायची तिला सवय नव्हती. हसू आलं ते परतताना, सुनेच्या गाडीत.

"काय झालं, आई?"

"काही नाही. खांदा."

तो शिंपी होता. दुकान आता मुलाच्या ताब्यात दिलेलं, पण कापड बेतायचं काम अजून स्वतःकडेच. सगळे त्याला मास्तर म्हणत, तीही म्हणू लागली. तो तिला मॅडम म्हणायचा. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेवढं एकमेकांना सांगून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला होता.

केंद्रात व्यायाम करून घेणारी मुलगी एकटी आणि रुग्ण बारा. मॅडमचा हात नेमका आहे हे पाहून तिनं कोन मोजायची पट्टी या दोघांकडेच सोपवली. "रोज एकमेकांचा हात किती वर जातो ते मोजा आणि वहीत लिहा. एकशे साठ अंश झाले की सुट्टी."

पहिल्याच दिवशी मास्तरांनी पट्टी तिच्या खांद्याशी धरली आणि डोळे बारीक केले. "आकडा फार बारीक आहे बुवा. तुम्हीच वाचा."

मग ती मान वळवून वाचायची. त्यासाठी जवळ सरकावं लागायचं. त्याच्या सदऱ्याला इस्त्रीचा, गरम सुताचा वास यायचा... आणि खिडकीबाहेर रिमझिम चालू असायची.

महिनाभर एकशे वीसवर अडलेला तिचा खांदा मग अचानक सुटला. एके दिवशी पट्टीवर एकशे बासष्ट आले. तिनं ते नीट पाहिलं, आणि म्हणाली, "एकशे वीस."

चौतीस वर्षांत तिनं एकही आकडा कधी फिरवला नव्हता. त्या दिवशी वहीत लिहिताना तिचे कान तापले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकशे वीस. तिसऱ्या दिवशीही... चोराच्या मनात चांदणं, म्हणून ती केंद्रात कपाटाच्या वरच्या फळीकडे हातसुद्धा नेईना.

मास्तरांचा आकडा मात्र ती खरा लिहायची. आपलं आपण बघून घेऊ, दुसऱ्याच्या तब्येतीशी खेळ नको. त्यामुळे व्हायचं तेच झालं. तीन आठवड्यांनी मुलगी वही घेऊन आली.

"काका, एकशे साठ. उद्यापासून सुट्टी. काकू, तुमचं मात्र अडलंय. डॉक्टरांना सांगून खांद्यात इंजेक्शन द्यायला लावते."

सुईला ती भीत नव्हती. उद्या सकाळी दहा वाजता मास्तरांची खुर्ची रिकामी असेल, एवढंच तिला दिसत होतं.

"थांब," ती म्हणाली. "माझे आकडे खोटे आहेत." आणि तिनं उजवा हात सरळ वर नेला, कानाला चिकटेपर्यंत.

मुलगी बघतच राहिली. "कधीपासून, काकू?"

"तीन आठवडे."

"पण का?"

तिनं हात खाली घेतला. कारण सांगायचं तर सगळी खोली ऐकत होती.

"बावीस दिवस," मास्तर शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवशी एकशे बासष्ट होते."

ती त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला आकडे दिसत नाहीत ना?"

"मॅडम, मी चष्म्याशिवाय सुई ओवतो."

"मग... बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्हाला घरी पाठवलं असतं. मी काय वेडा आहे?"

मुलीनं वही मिटली. "दोघांनाही सुट्टी," ती म्हणाली आणि पाठ फिरवून हसली.

बाहेर फाटकाशी पाऊस थांबला होता. सून गाडीत वाट बघत होती.

"उद्या दहाला काय करणार?" त्यानं विचारलं.

"ठरलं नाही."

"तळ्याकाठी या. मी असेन."

"मला कारण लागतं, मास्तर. जुनी सवय."

मग त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही आला नाहीत की माझा दिवस सुरूच होत नाही. चालेल?"

तिनं मान डोलावली. मग गाडीपाशी जाऊन काचेवर टकटक केली. "तू हो पुढे. आम्ही चालत येतो."

"आम्ही?" सुनेनं काच खाली केली आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"हे मास्तर. उद्या तळ्यावरून फिरून आलो की आपल्याकडे चहाला येणार आहेत."

चहाचं मास्तरांना आत्ताच कळत होतं. ते आधी गडबडले, मग त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि सूनबाईंना नमस्कार केला.