कातळखिंडीतलं वजन

सोमवार, संध्याकाळचे पावणेसहा. कुंडलच्या पुढे, कातळखिंडीच्या पायथ्याशी नवी कोरी डिझेल फोर-व्हील गाडी उभी. गाडीत दोन माणसं. मागच्या दोन्ही रांगा रिकाम्या. त्या रिकाम्या होत्या हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच आहे.

स्टिअरिंगवर होता अर्जुना. माधवनगरच्या एका शोरूममध्ये त्याचं कामच हे. आयुष्यभर हाताने गिअर टाकलेली माणसं ऑटोमॅटिक गाडी घेतात, डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर आदळवतात, उजवा पाय पार तळाला नेतात आणि मग गाडी ओढत नाही म्हणून बोंब मारतात. अर्जुना अशा माणसाशेजारी तासभर बसतो आणि गाडी हळूहळू त्याच्या हाताखाली आणून देतो.

शेजारी बसला होता गाडीचा मालक, वीरधवल. साताऱ्याचा रस्त्यांचा ठेकेदार. समोरची खिंड रुंद करण्याचं कंत्राट त्याचंच होतं. त्याची तक्रार एकच. सपाटीला गाडी झकास, पण या खिंडीत शिरली की दुसऱ्या गिअरच्या वर चढत नाही. गिअरबॉक्स बदलून द्या, नाहीतर कोर्टात या.

मॅनेजर दुसऱ्याच कुणाला पाठवणार होता. अर्जुना म्हणाला, "मी जातो." का, ते त्यानं सांगितलं नाही.

कारण असं होतं. आषाढात या खिंडीत डोंगराची कापलेली बाजू खाली आली. असा डोंगर कापताना पायऱ्या पाडायच्या असतात, वर जाळी ठोकायची असते. इथं भिंत तासल्यासारखा सरळ कापला होता आणि जाळीच्या नावानं बिलाखेरीज काही नव्हतं. दोन दिवसांत मशिनं लावून ढिगारा लोटला, वर डांबर पडलं, फीत कापली गेली. पेपरात चार ओळी आल्या. दरड कोसळली, जीवितहानी नाही.

अर्जुनाचा धाकटा भाऊ मल्हार त्या आठवड्यात खिंडीत खडक फोडायच्या कामावर होता. तेव्हापासून त्याचा फोन बंद. त्यांची आई तानुबाई जतच्या पूर्वेकडच्या वस्तीवरून, मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून आली. मायलेक दोनदा साताऱ्याला ठेकेदाराच्या ऑफिसबाहेर उभे राहिले. फाटकाच्या आतून उत्तर आलं, साहेब साइटवर आहेत. पोलीस म्हणाले, सज्ञान पोरगा, गेला असेल पुण्याला. वीरधवलनं या दोघांचं तोंडही पाहिलं नव्हतं. म्हणूनच तर आज तो अर्जुनाशेजारी इतक्या निवांत बसला होता.

इथपर्यंत वीरधवलच चालवत आला होता.

"पाय जड ठेवू नगा साहेब. जरा उचला... हां. आता बघा, वरचा गिअर आपसूक पडला. गाडीला बी इचार करायला सवड द्यायला लागती."

"लय शहाणी आहे की रं मास्तर तुझी गाडी! मग खिंडीत कुठं शेण खाते?"

"ते बघायलाच आलोय न्हवं. आता मी घेतो."

जागा बदलल्या. अर्जुनानं लिव्हर 'डी'वर आणला. काचेखालच्या पडद्यावर गिअरचा आकडा उमटला. सूर्य डोंगराआड गेला होता, आणि कापलेल्या खडकामुळे खिंडीत बाहेरच्यापेक्षा अंधार लवकर साचला होता. दोन्ही बाजूंनी भिंती. वर आभाळाची एक अरुंद पट्टी.

गाडी चढाला लागली आणि मागून पत्र्यावर थाप पडली.

धप्.

अर्जुनाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. डोकं विचार करायच्या आधी पाय गेला. पूर्वी तो टेम्पो चालवायचा तेव्हा मल्हार त्याचा क्लीनर होता. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. तीन वर्षं या थापांवर गाडी चालवलेल्या माणसाला, मागून कोण मारतंय हे विचारायची सवय उरत नाही.

"का थांबलास?" वीरधवलचा आवाज एकदम बारीक झाला.

"कुणीतरी थाप मारली."

"मी... मी कधी थांबत नाही इथं."

अर्जुनानं आरशात पाहिलं. रस्ता मोकळा. कुत्रंही नाही. आणि मग गाडी मागं बसली. झटका नाही, आवाज नाही. बाजेच्या कडेला कुणी टेकावं तशी, मग आणखी कुणी, मग आणखी. स्प्रिंगांनी एकामागून एक उसासे टाकले. बॉनेट किंचित वर आलं.

धप्, धप्.

आणि त्यापाठोपाठ पत्र्यावर लोखंड वाजलं. टण्ण.

अर्जुनाला तो आवाज ओळखीचा होता. मल्हारच्या मनगटात लोखंडी कडं होतं. थाप मारली की ते मागाहून वाजायचं. त्यावरून अर्जुना त्याला किती वेळा ओरडला होता, पत्र्याचा रंग घालवशील म्हणून.

त्यानं ब्रेक सोडला.

तिसरा गिअर पडायला हवा होता तिथं आकडा दोनवर आला आणि तिथंच राहिला. इंजिन घुमू लागलं. भरलेली ट्रॉली ओढताना घुमतं तसं.

"बघ! हेच ते! रोज हेच! मी आता कऱ्हाडावरून वळसा घालून जातोय, माहितीये?" वीरधवलनं वरचं हँडल धरलं होतं. "डबा आहे तुमचा गिअरबॉक्स!"

"गिअरबॉक्स झकास हाय साहेब." अर्जुनाचा आवाज त्याला स्वतःला दुसऱ्याचा वाटला. "हातगिअरच्या गाडीत चढ आला की आपण खालचा गिअर टाकतो, वजन कुणाचं ते इचारत न्हाई. ह्याचं तसं न्हाई. मागं जेवढं वजन असंल तेवढाच गिअर त्यो देतो. त्याला डोळं न्हाईत, त्यामुळं त्याला फसवता येत न्हाई."

"मागं काय वजन आहे? मागं कुणी नाही!"

"व्हय... दिसत तर कुणी न्हाई."

वास येऊ लागला. ओल्या मुरमाचा, फुटलेल्या खडकाच्या पिठाचा, दिवसभराच्या घामाचा. त्यात एक धागा भिजलेल्या घोंगडीचा. मागच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. चार-सहा माणसं बंद गाडीत श्वास घेत बसली की धरते तशी वाफ. पुढची काच मात्र लख्ख होती.

वळणाशी, जिथं दरड आली होती तिथं, आकडा एकवर आला. गाडी जवळजवळ थांबली.

"साहेब," अर्जुना समोर बघतच बोलला, "आषाढात इथं डोंगर आला, तवा खाली किती माणसं व्हती?"

"कोण रे तू?"

"किती व्हती?"

"कुणी नव्हतं! पंचनामा झालाय!"

गाडी थांबली. पाय खाली दाबलेला, इंजिन ओरडतंय, आणि गाडी जागची हलेना. मग ती बोटभर मागं सरकली. उजवीकडची भिंत इथं संपून दरी लागत होती, आणि कठडा नव्हता. कठड्याचंही बिल निघालं होतं.

अर्जुनानं ब्रेक दाबून धरला, लिव्हर न्यूट्रलला घेतला आणि चारी चाकांचा सगळ्यात जड जोर लावायचा खटका फिरवला. खाली कुठंतरी लोखंडाला लोखंड भिडलं. ज्याला हे येतं त्याच्या हातांना भीती वाटत असतानाही ते येतं.

"साहेब, गाडी माझ्या पायावर हाय. किती?"

मागून कुणीतरी सीटला गुडघा टेकवला असावा. वीरधवलची पाठ एकदम ताठ झाली.

"तिघं... तिघंच होते रे. आई शप्पथ..."

"त्यात मल्हार व्हता?"

"नावं कुणाला माहीत? मुकादमानं आणली होती माणसं. जतकडची, पलीकडची कर्नाटकातली... मुकादमाला ठाऊक."

"मुकादम कुठं हाय?"

वीरधवलनं वरचं हँडल पुन्हा घट्ट धरलं.

"तोही खालीच होता."

"त्याचं नाव?"

"नाव... आम्ही त्याला मुकादमच म्हणायचो."

गाडी हलली. पावलापावलानं चढून माथ्यावर आली. उताराला लागताच मागचं वजन पाठीवर आलं, पुढं रेटू लागलं. अशा वेळी ब्रेकवर बसलं की ब्रेक तापून हातचे जातात. अर्जुनानं लिव्हर बाजूला ओढून पहिला गिअर स्वतः धरून ठेवला आणि इंजिनालाच ओझं आवरू दिलं. मागं झोपलेली लेकरं असावीत इतक्या हळू त्यानं गाडी उतरवली.

"थांबव," वीरधवल पुटपुटत होता. "मला उतरू दे. थांबव..."

"मागनं थाप आल्याबिगर थांबत न्हाई."

थाप आली नाही.

खिंडीच्या पलीकडे उसाच्या ट्रॉल्या तोलायचा खासगी वजनकाटा आहे. तिथला काटेवाला, म्हातारा गुंडा, शेकोटीशी बसला होता. अर्जुनानं गाडी सरळ काट्यावर घातली आणि दोघं खाली उतरले.

"काय रं गड्या, ऊस भरलायस का वऱ्हाड? मागं लय बसलीया की गाडी!"

"आकडा सांगा मामा."

लाल आकडे थरथरले आणि स्थिर झाले. दोन हजार आठशे नव्वद. टाकीतलं डिझेल धरून रिकामी गाडी दोन हजार दोनशे पन्नास भरते. अर्जुना ते झोपेतही सांगेल.

"सहाशे चाळीस किलो जादा," गुंडा म्हणाला. "दहा-बारा माणसं हायती म्हण की." तो बॅटरी घेऊन हसत मागं गेला. काचेतून आत उजेड टाकला. रिकाम्या सीटा आणि काचेवरून ओघळणारी वाफ. तो परत आला तेव्हा हसत नव्हता. "गाडी खाली घे माझ्या काट्यावरनं," एवढंच म्हणाला.

वीरधवल फोन कानाला लावून रस्त्यानं चालत निघाला होता. एकदाही मागं वळला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वकिलानं कळवलं की त्यांचे अशील त्या संध्याकाळी काहीही बोललेले नाहीत आणि गिअरबॉक्स सदोष असल्यानं गाडी परत करत आहेत. पोलिसांनी अर्जुनाचं ऐकून घेतलं. काट्याचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे, असं त्यांनी त्याला समजावलं. ज्यांनी पुरावा दोन दिवसांत डांबराखाली जाऊ दिला, त्यांनी.

गाडी शोरूमच्या मागच्या आवारात उभी राहिली. मेकॅनिकनं गिअरबॉक्स तपासला, संगणक लावला. दोष नाही. पण उभ्या गाडीचं मागचं अंग चार बोटं खाली, आणि भर दुपारीही काचांना वाफ.

पंधरा दिवसांनी अर्जुना आईला घेऊन आला. तानुबाईनं गाडीभोवती एक फेरी घातली, मेंढराच्या कळपाभोवती घालतात तशी, आणि मागच्या पत्र्यावर तळवा ठेवला.

"आत गारठलीत रं पोरं..."

"आये, कुणी दिसतंय का तुला?"

"दिसाय कशाला पायजे? हाक कुणी मारली का त्यास्नी? हाक मारल्याबिगर उतरायचं तरी कसं, परक्या गाडीतनं?" ती पत्र्याजवळ तोंड नेऊन, रडत नव्हती, जेवायला बोलवावं तसं बोलली. "मल्हाऱ्या... उतर बाळा. घरी जायाचंय."

आवारातला कंप्रेसर बंद पडला होता.

आतून एकच थाप पडली. धप्. आणि मग टण्ण.

मागचं अंग किंचित वर आलं. धुरकट काचेवर तळव्याएवढी एक जागा स्वच्छ झाली होती. तानुबाईनं ती बघितली, पदर डोक्यावर घेतला आणि फाटकाकडे चालू लागली. कुणाला तरी शेजारून चालायला जागा ठेवून, रस्त्याच्या जरा कडेकडेनं.

त्याच दिवशी अर्जुनानं गाडी माधवनगरच्या काट्यावर पुन्हा तोलली. अठ्ठावन्न किलो कमी. मल्हार किती भरायचा हे त्याला माहीत होतं.

त्यानंतर तो रोज सकाळी गाडीमागं उभा राहतो. मुकादम म्हणून हाक मारून झाली. जतकडच्या दोन-चार हरवलेल्या पोरांची नावं कुणाकुणाकडून आणून, तीही घेऊन झाली. अजून कुणी उतरलेलं नाही.

सरकारच्या लेखी कातळखिंडीत एकही माणूस मेलेला नाही. ठेकेदाराच्या तोंडून भीतीपोटी सुटलेला आकडा तीन. त्यातला एक आईबरोबर घरी गेला. उरले दोन. आणि माधवनगरच्या आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत आजही पाचशे ब्याऐंशी किलो वजन आहे.