मागचा जोडीदार

विझवलेली आग दुसऱ्या दिवशी जाऊन बघावी लागते. राखेत कुठे धग उरली असली तर पाणी मारायचं, बस्स. बिनधोक काम. म्हणून तर अग्निशमन केंद्राच्या साहेबांनी, सगळे ज्याला पैलवान म्हणायचे, त्या जवानाला पाठवलं. याचा जोडीदार एका आगीत गेला, तेव्हापासून हा आगीत शिरलाच नव्हता. चहाच्या वेळी सगळ्यांच्या आधी विनोद करायचा, मोठ्यानं हसायचा. घरी बायकोनं विचारलं की मात्र "काही नाही गं" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. झोपायचा म्हणजे, नुसता पडायचा.

सोबत बंबाचे ड्रायव्हरकाका होते. तिसरं कोणी नाही. भर दुपार, आणि समोर जळून काळं झालेलं कापडाचं दुमजली गोदाम.

"चल, पटकन उरकू," काका म्हणाले. "तू पुढे हो, मी आलोच मागोमाग."

जिना संपला की लांब बोळ होता. खिडक्यांना पत्रे ठोकलेले, त्यामुळे दुपार बाहेरच राहिली. ओल्या राखेचा आंबूस वास नाकात बसला. कुठल्यातरी गठ्ठ्यातून अजून धूर निघत होता, त्यात टॉर्चचा उजेड हातभरही पोचेना. पैलवान भिंतीला हात लावून थबकला. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला आणि त्याला हायसं वाटलं.

धुरात यांची हीच रीत. मागच्यानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. एकदा थोपटलं की थांब, दोनदा थोपटलं की चल. विचारायचं नाही, मागच्यावर विश्वास टाकायचा. त्या दिवशी पुढे जोडीदार होता, मागे पैलवान. पैलवानानं दोनदा थोपटलं, जोडीदारानं पाऊल टाकलं, आणि जमीनच खचली. "यात तुझी काय चूक?" सगळे म्हणाले. पण तेव्हापासून तो हात त्याला स्वतःचा वाटेना.

खांद्यावर दोनदा थाप पडली. तो निघाला. परत दोनदा.

"काका, जरा दमानं… धूर वाढतोय."

उत्तर आलं ते खालून, लांबून.

"अरे, गुडघा धरला माझा, मी खालीच आहे! तू उभा राहा तिथेच! वरची जमीन कोसळलीय, मला इथून भगदाड दिसतंय!"

पैलवानानं उचललेला पाय मागे घेतला. टॉर्च खाली धरला. बुटाच्या टोकापुढे काहीच नव्हतं.

हात मात्र खांद्यावर होता. जड, ओळखीचा. वळून बघायची छाती होईना. हातानं पुन्हा दोनदा थोपटलं.

खरं सांगायचं तर क्षणभर त्याला वाटलं, जावं. फिटंफाट होऊन जाईल एकदाची.

"तुझं बरोबर आहे रे…" तो पुटपुटला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं. "पण घरी पोरगी वाट बघतेय. मला जाऊ दे…"

दोनदा. मग जरा जोरात, दोनदा. मग हात उचलला गेला. शेजारून गार वारा पुढे सरकला, आणि खाली काहीतरी धप्पकन पडलं.

मग काकांची कुजबुज आली, कोणाला तरी सावरून उठवत असल्यासारखी. मग खोकला. तो काकांचा नव्हता.

"काका…?"

"जागचा हलू नकोस पोरा," काका अगदी शांतपणे म्हणाले. "आम्ही दोघं वर येतोय."