अनावश्यक भाग

प्रत्येक माणसाचा हात सतत थरथरतो, अगदी डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक, आणि त्या थरथरीची लय ज्याची त्याची. कोल्हापूरच्या शस्त्र-प्रयोगशाळेत डॉ. मृदुला शिंत्रे यांनी कंपकुलूप बनवलं ते याच आधारावर. पिस्तुलातलं हे कुलूप मालकाची लय ओळखतं आणि त्याच्याच हातात चाप ओढू देतं. झालं, एवढंच. आणि एवढ्यावरच हवालदार दगडू खाडे जन्मठेप भोगत होता.

कोठडीतल्या झटापटीत एक आरोपी खाड्याच्या पिस्तुलातून मारला गेला. कुणीतरी पिस्तूल हिसकावलं, असं खाडे शेवटपर्यंत सांगत राहिला. मृदुलाबाईंनी कोर्टात ठासून सांगितलं की ते दुसऱ्याच्या हातात चालूच शकत नाही. त्या दिवशी त्यांना स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता!

आज समोर शौकतमामा मुजावर बसले होते. चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करणारा माणूस, पण मान वर होत नव्हती. ते सांगत होते, एका अपघातानंतर खाड्याचा हात फार कापायचा, नोकरी जाईल म्हणून त्याने बाजारातून शामक मूठ आणली आणि मामांनी ती गुपचूप बसवून दिली. मुठीतल्या चिमुकल्या मोटारी थरथर मारून टाकतात. मूठ बदलली की कुलपाला हात नव्याने शिकवावा लागतो, तेही मामांनीच केलं. मुठीचा खुनाशी संबंध असेल असं खुद्द खाड्यालाही वाटलं नव्हतं. मामांना मात्र झोप लागेना.

कुलूप शेवटी त्याचाच हात शिकलं ना, असं म्हणत मृदुलाबाईंनी त्यांची समजूत घातली. तरी खात्री केलेली बरी, म्हणून आपल्या पिस्तुलाला मामांकडून तसलीच मूठ बसवून घेतली, कुलपाला आपला हात शिकवला आणि रिकामा चाप ओढला. खट्‌ वाजलं.

दुरुस्त केलेलं हत्यार स्वतः एकदा रिकामं ओढून, आवाज ऐकूनच परत द्यायचं, हा मामांचा रिवाज. खाड्याच्या वेळी चोरट्या घाईत तेवढं राहून गेलं होतं. आता त्यांनी सवयीनं पिस्तूल उचललं आणि चाप ओढला.

खट्‌.

मृदुलाबाईंनी पिस्तूल परत घेऊन मुठीवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "मामा, मूठ हात आणि कुलूप यांच्या मधे आहे. कुलपापर्यंत थरथर पोचतच नाही. ते शिकलं नुसता थांबलेला हात. तसा हात सगळ्यांचा सारखाच."

"पण तपासणीत ते फक्त दगडूच्याच हातात चाललं. तूच सांगितलंस ना, पोरी?"

चाललं होतं. कारण बाहेरचे भाग उतरवून, मूळची मूठ लावूनच तपासणी करायची, हा प्रयोगशाळेचा नियम. नियम त्यांचाच. आणि मामांनी नव्याने शिकवलं तरी कुलपात खाड्याची जुनी नोंद शाबूत होती.

त्यांनी खालचा खण उघडला. हौशी लोक बसवतात तसली शोभेची मूठ समजून तपासणीच्या वेळी बाजूला ठेवलेली ती वस्तू पिशवीत तशीच होती. वर चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरात: खाडे प्रकरण, अनावश्यक भाग.