बोरदरीचं हवेतलं खत

मावशीआजीने जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत साखरेसारखे पांढरे, जाडसर दाणे होते.

"यातली एक वाटी पृथ्वीला फार महाग पडते, एक नाही," ती म्हणाली. "कोणती, ते शोधून काढ. घाई नाही. फक्त चव घ्यायची नाही."

शाल्मली अकरा वर्षांची होती. २०४४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत ती मिरजेहून जत तालुक्यातल्या बोरदरी गावी आली होती. मावशीआजी म्हणजे तिच्या आजीची धाकटी बहीण, डॉ. कुमुद हेर्लेकर. तीस वर्षं तिने समुद्राकाठच्या एका मोठ्या खत कारखान्यात काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर ती बोरदरीला आली आणि गावाच्या सोसायटीसाठी तिने एक लहानसा कारखाना उभा केला.

शाल्मलीने सगळी दुपार त्या वाट्यांमागे घालवली. दाणे भिंगातून पाहिले, पाण्यात विरघळवले, तोलून पाहिले. शाळेच्या तपासणी पेटीतल्या कागदी पट्ट्या दोन्ही द्रावणांत बुडवल्या. दोन्ही पट्ट्यांवर सारखाच रंग आला. संध्याकाळी ती हिरमुसून म्हणाली, "आजी, मला काहीच फरक सापडला नाही."

"बरोबर उत्तर. फरक वाटीत नाहीच," आजी म्हणाली. "दोन्हींत एकच खत आहे, अमोनियम सल्फेट. पिकालाही फरक कळणार नाही. फरक आहे तो ते कसं तयार झालं यात. चल, दाखवते."

कारखाना गावाबाहेरच्या माळावर होता. आजूबाजूला सौर तावदानांच्या रांगा, मागे दोन पवनचक्क्या आणि मधे पत्र्याची शेड. आत तीन यंत्रं होती आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. आजीने दारातच थांबून खोल श्वास घेतला. अमोनियाची गळती असेल, तर मापकाच्या आधी तिचं नाक ती ओळखायचं, असं गावात सगळे म्हणत.

"पिकाला वाढायला नायट्रोजन लागतो," ती सांगू लागली. "आपल्याभोवतीच्या हवेत पाचातले जवळजवळ चार भाग नायट्रोजनच आहे. पण पिकाला तो हवेतून घेता येत नाही, कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून बसलेले असतात. ती पकड सोडवून प्रत्येक अणूला हायड्रोजनचे तीन अणू जोडले, की अमोनिया (खताचा मूळ वायू) तयार होतो."

"मग पकड सोडवायची कशी?"

"भरपूर उष्णता, प्रचंड दाब आणि मदतीला लोखंडाचा उत्प्रेरक (रासायनिक क्रियेला हातभार लावणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ). हे मोठ्या कारखान्यातही असंच होतं आणि आपल्याकडेही. आता खरा प्रश्न. हायड्रोजन आणायचा कुठून?"

शाल्मलीने पहिल्या यंत्राकडे पाहिलं. काचेच्या खिडकीतून आतलं पाणी दिसत होतं. त्यातून अधूनमधून एखादा बारीक बुडबुडा वर येत होता.

"पाण्यातून?"

"आपल्याकडे पाण्यातून. उन्हाच्या आणि वाऱ्याच्या विजेने पाणी फोडायचं, म्हणजे हायड्रोजन एका बाजूला आणि ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला निघतो. याला विद्युत अपघटन (विजेने पदार्थाचे घटक वेगळे करणं) म्हणतात. मी पूर्वी जिथे काम करायचे, तिथे हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढत. त्या वायूत कार्बनही असतो. हायड्रोजन काढून घेतला, की कार्बन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. शिवाय भट्टी तापवायला वायू जाळतात, तो वेगळाच. एक टन अमोनियामागे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो."

"म्हणजे तू वाईट काम करायचीस?" शाल्मलीने विचारलं आणि लगेच तिला वाटलं, हे विचारायला नको होतं.

आजी रागावली नाही. "त्या खतावर निम्मं जग जेवलं, शालू. मला त्याची लाज वाटत नाही. पण काम तेच ठेवून रीत बदलता येते, हे कळल्यावरही बदलली नसती, तर लाज वाटली असती."

दुसऱ्या यंत्रात हवेतून नायट्रोजन वेगळा होत होता. तिसरी होती जाड पोलादी नळकांड्याची भट्टी. तिथे दोन्ही वायू एकत्र येऊन अमोनिया होई, आणि पुढे गंधकाम्लात मिसळून त्याचे पांढरे दाणे होत.

"एखादी वस्तू बनवताना आणि वापरताना तापमान वाढवणारे जे जे वायू हवेत जातात, त्यांच्या बेरजेला कार्बन पाऊलखूण म्हणतात," आजी म्हणाली. "तुझ्या एका वाटीची पाऊलखूण मोठी, दुसरीची लहान."

इतकं सांगून ती वळली. शेडच्या कोपऱ्यात पोत्यांची थप्पी होती, तिकडे पाहत राहिली. शाल्मलीला वाटलं होतं, ही थप्पी छताला टेकलेली असेल. ती निम्म्यावरच थांबली होती.

त्याचं कारण त्याच रात्री जेवताना कळलं. सोसायटीचे चेअरमन मल्लाप्पा बिरादार घरी आले होते. ते आजीला ताई म्हणत.

"ताई, नऊ दिवस ढग होतं. ऊन नाही, वारं नाही. त्यात तुमची चूक नाही," ते म्हणाले. "पण गावाला पाचशे पोती पाहिजेत आणि तुमच्याकडं तीनशे दहाच आहेत. ज्वारी वीतभर झालीया. या आठवड्यात खताचा हप्ता पडला नाही, तर पीक मागं पडतंय. रविवारच्या सभेत लोक म्हणणार, हे यंत्र बंद करा, पूर्वीसारखं बाहेरचं खत आणा. मी तरी काय सांगू त्यांना?"

"ऊन पडलं की दिवसाला वीस पोती होतात," आजी म्हणाली.

"म्हणजे एकशे नव्वदाला दहा दिवस. तोवर थांबता येत नाही."

ते गेल्यावर आजीने ताट न जेवताच बाजूला सारलं. शाल्मलीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. आजीला काही तरी विचारावं म्हणून तिने विचारलं, "पाचशेच का? चारशे का नाही?"

"दर वर्षी तेवढी लागतात."

"लागतात, की टाकतात?"

आजीने मान वर केली. "परत बोल."

"पिकाला भूक किती आहे, ते कुणी मोजलंय का? आमच्या शाळेत बागेला आम्ही मोजून खत देतो. गोगलगाय सांगते तेवढंच."

गोगलगाय म्हणजे एक छोटं रांगतं यंत्र. तसलंच एक बोरदरीच्या शाळेतही होतं. पिकाच्या ओळींमधून ते इतकं सावकाश जाई, की मुलांनी त्याला हे नाव दिलं होतं. पानावर प्रकाशाचा किरण टाकून परत आलेल्या प्रकाशावरून पानातलं हरितद्रव्य (पानाला हिरवा रंग देणारा पदार्थ) ते मोजायचं. नायट्रोजन कमी पडला, की हरितद्रव्य कमी होतं. म्हणजे पान फिकट असेल तर पीक उपाशी आहे, गडद असेल तर पोट भरलेलं आहे.

आजी उठली आणि तिने लगेच गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला.

सकाळी गोगलगाय शेतात उतरली. प्रत्येक शेतातल्या एक-दोनच ओळी मोजायचं ठरलं. पुढचे तीन दिवस शाल्मली तिच्या मागे चालत होती आणि मागून आजी टोपी घालून मातीचे नमुने गोळा करत होती. पहिल्या दिवशी लोक बांधावरून गंमत बघत होते. दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या शेतात आधी या म्हणून सांगू लागला. शाल्मलीचे पाय भरून आले, मान भाजली. आकडे मात्र नवलाचे होते. कालव्याजवळच्या शेतांत मागच्या वर्षीचंच खत मातीत उरलेलं होतं. तिथली ज्वारी गडद हिरवी होती, तिला जेमतेम निम्मा हप्ता पुरणार होता. माळाकडची शेतं मात्र खरंच भुकेली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीने बेरीज केली. तीनशे पन्नास पोती.

"फक्त चाळीस कमी," शाल्मली म्हणाली. "आणि आज ऊन पडलंय."

"दोन दिवसांचं काम," आजी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "शालू, मी किती मूर्ख. इतकी वर्षं खत स्वच्छ कसं करायचं, याचाच विचार करत होते. जे पोतं करावंच लागलं नाही, ते सगळ्यात स्वच्छ."

"आणि जास्तीचं टाकलं तर नुसतं वाया जातं ना?"

"तेवढ्यावर भागत नाही. पिकाने न घेतलेला नायट्रोजन मातीतले जिवाणू खातात आणि त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून जास्त तापवतो. म्हणजे माझ्या कारखान्यात पाऊलखूण पुसायची आणि शेतात पुन्हा उमटवायची, असं चाललं होतं."

रविवारच्या सभेत आजीने शाल्मलीलाच बोलायला उभं केलं. आधी ती अडखळत बोलली. पण गटनंबर घेऊन एकेका शेताचे आकडे वाचायला लागल्यावर ती भीती विसरली, कारण लोक आपापला आकडा कान देऊन ऐकत होते.

शेवटी मल्लाप्पा उठले. कालव्याजवळचं सगळ्यात गडद शेत त्यांचंच होतं. "पोरी, तुझं यंत्र म्हणतंय मला निम्मंच पुरंल. आणि पीक कमी आलं तर?"

शाल्मलीने आजीकडे पाहिलं. आजीने तिच्याकडेच बोट केलं, तेव्हा तिने स्वतःच विचार केला. "काका, शेतातल्या चार ओळींना नेहमीएवढं खत टाका. बाकीच्यांना मोजून. मग दोन्ही ताडून बघा. माझं चुकलं, तर दिसेलच."

मल्लाप्पांनी मान डोलावली. "हे बरं हाय," ते म्हणाले. "नुसत्या शब्दावर मी नसतो गेलो."

कारखाना चालू राहिला. शाल्मली मिरजेला परतली, पण अभ्यास करताना मधेच तिला त्या ज्वारीची काळजी वाटायची. आपण मोजण्यात चूक तर केली नसेल?

संक्रांतीला ती पुन्हा बोरदरीला आली. ज्वारी हुरड्यावर होती. मल्लाप्पांनी तिला आणि आजीला थेट शेतात नेलं आणि ते तिला म्हणाले, "त्या चार ओळी कुठल्या, दाखव."

ती बांधावरून दोनदा चालली. कणसं सारखीच भरली होती. तिला काही सांगता येईना.

"मलाबी नाही सांगता येत," मल्लाप्पा म्हणाले. "खुणंच्या काठ्या रोवल्या होत्या म्हणून कळतंय. काल दोन्हीकडची वीस-वीस कणसं तोलली. फरक मुठीएवढाबी नाही. आता शेजारच्या दोन गावांना तुझी गोगलगाय पाहिजे. मीच सांगून आलोय."

शाल्मली हसली. मग शेजारच्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा हरभरा गोगलगायीने मोजला नाही. याला किती खत दिलं?"

"त्याला? जवळजवळ काहीच नाही. हरभऱ्याला लागत नाही."

शाल्मली आजीकडे वळली. आजीने वाकून हरभऱ्याचं एक रोप हलकेच उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी होत्या. एक गाठ तिने नखाने फोडली. आतून ती गुलाबी होती.

"यात जिवाणू राहतात," आजी म्हणाली. "हवेतल्या नायट्रोजनची ती घट्ट पकड तेही सोडवतात आणि रोपाला अमोनिया करून देतात."

"भट्टीशिवाय?"

"भट्टी नाही, दाब नाही. या थंड मातीत."

"मग आपण तसंच यंत्र का नाही करत?"

"प्रयत्न खूप चाललेत. पण इतक्या सहज अजून कुणालाच जमलेलं नाही. मलाही नाही." आजीने ते रोप तिच्या हातात दिलं. "बाकी आहे ते काम."

शाल्मली बांधावर बसली. खिशातलं भिंग काढून ती दुसरी गाठ सावकाश उलगडू लागली. मल्लाप्पांनी हुरड्याला हाक मारली, तेव्हा "आले, एवढं बघून आले" म्हणत ती आणखी थोडी खाली वाकली.