भिंतीवरून उडालेली टिटवी

"वहिनी, माझी टिटवी कुणीतरी नेली!"

बेकरीवाली दारातूनच ओरडली आणि वहिनींच्या कपातला चहा बशीत सांडला.

वहिनी या त्या भागातल्या एकमेव खासगी गुप्तहेर. त्यांचे दीर दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद ठेवायला काहीही निमित्त मिळालं की ते वहिनींच्या तपासावर निघत. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून आता सगळेच त्यांना वहिनी म्हणत. डॉक्टरांना लोकांची तोंडं उघडता येत, पण त्यातून बाहेर पडलेलं बोलणं त्यांच्या डोक्यात जरा उशिरा शिरे.

"पिंजऱ्यातून नेली?" त्यांनी विचारलं.

"अहो डॉक्टर, फोटोतली टिटवी! म्हणजे फोटोच नेला!"

पाव पोचवता पोचवता बेकरीवालीला फोटोंचा नाद लागला होता. कॅमेरा म्हणाल तर काचेला तडा गेलेला फोन. गाडीच्या खिडकीत पिठाची छोटी पिशवी ठेवायची, तिच्यावर फोन टेकवायचा आणि श्वास रोखायचा. कुंपणावरचा सरडा, डबक्यातला ढग, तारेवरचे थेंब, जे समोर येईल त्यावर ती खूश. यंदा फोटो क्लबने प्रदर्शनात पहिल्यांदाच फोनवरचा एक फोटो घेतला होता. तो हिचा.

"बारा वाजता परीक्षक येणार. तोवर भिंतीवर फोटो नसला तर मी बाद," ती म्हणाली. "नवा छापावा तर स्टुडिओ आज बंद. सगळे हसले हो माझ्या फोनला, पण फोटो लागला होता."

तिने फोनवर तो फोटो दाखवला. खडीत बसलेली टिटवी, पिसाची कड न् कड स्पष्ट, मागे बंद काच कारखान्याचं उंच धुराडं.

"कुणाला एवढं जवळ येऊ कसं दिलं हिने?" वहिनींनी विचारलं.

"गाडीला घाबरतच नाही ती. फार गोड आहे! रोज जाते तर त्याच जागी बसून माझी वाट बघत असते."

डॉक्टरांना हे फारच आवडलं. वहिनींनी मात्र चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या.

प्रदर्शनाच्या दालनात फ्रेम जागेवर होती, आतला फोटो तेवढा गायब. काच लख्ख पुसलेली, मागच्या टाचण्या पुन्हा नीट वाकवून बसवलेल्या. प्रत्येक फोटोखाली एक कार्ड होतं. काढणाऱ्याचं नाव, कॅमेरा, ठिकाण. हिच्या फ्रेमखाली कार्डही नव्हतं.

"चोर हौशी दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "आठवण म्हणून नेलं असेल."

क्लबचे सेक्रेटरी गळ्यात मोजपट्टी अडकवून फिरत होते.

"दार मीच उघडलं सकाळी. मग सभासद येत-जात होते."

"फोनवरचे फोटो तुम्हाला पसंत नाहीत म्हणे?"

"नाहीतच! पण एकदा लावला तो लावला. बघा, रांगेत कसं भगदाड पडलंय! सकाळपासून डोळ्यांत खुपतंय." असं म्हणत त्यांनी रिकामी फ्रेम किंचित सरळ केली.

बेकरीवालीची धाकटी जाऊ खुर्चीत फुगून बसली होती. "फ्रेम मीच करून दिली. ताईंना म्हटलं होतं, माझा सूर्यफुलाजवळचा फोटो लावा. हा बघा, पर्समध्येच आहे. पण यांना पक्षीच हवा!"

उरले क्लबचे एक सभासद, तोफवाले. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स हातभर लांब, म्हणून हे नाव.

"मी त्या फोटोकडे फिरकलोसुद्धा नाही," ते गरजले. "त्यात काय एवढं? अंड्यांवर बसलेला पक्षी जागचा हलतो थोडाच! कुणीही काढेल." आणि त्यांनी आपली बॅग जवळ ओढली.

वहिनी हसल्या. "सगळ्यांनी जरा इकडे या बरं."

सगळे रिकाम्या फ्रेमपाशी जमले.

"फोटो नेणाऱ्याने काच पुसली, टाचण्या बसवल्या. म्हणजे राग नव्हता. सेक्रेटरींनी नेला असता तर फ्रेमही उचलली असती आणि बाकीचे फोटो सरकवून भगदाड बुजवलं असतं. या जाऊबाईंना मोकळी फ्रेम सापडली असती तर सूर्यफूल केव्हाच भिंतीवर चढलं असतं."

जाऊ लाजली, पण नाही म्हणाली नाही.

"आता कार्ड. नाव आणि कॅमेरा सगळ्यांना ठाऊकच आहेत. राहिलं ठिकाण. फोटोतल्या धुराड्यावरूनही तेच कळतं. ते ठिकाण लोकांना कळू नये, एवढ्यासाठी दोन्ही गेलं."

"तिथे काय खजिना पुरलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"भावोजी, रोज एकाच जागी बसणारा पक्षी कुणाची वाट बघत नसतो. अंडी उबवत असतो."

बेकरीवालीने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणून उठत नव्हती होय!"

"फोटोत अंडी दिसत नाहीत. काढणारीलाही माहीत नव्हती. मग फोटोकडे न फिरकलेल्या तुम्हाला कशी माहीत, साहेब?"

तोफवाल्यांनी बॅग उघडली. लेन्सच्या मऊ फडक्यात जपून गुंडाळलेला फोटो बाहेर आला.

"आज-उद्या पिल्लं बाहेर येतील," ते हळू आवाजात म्हणाले. "ठिकाण वाचून सगळे कॅमेरे घेऊन तिकडे धावले असते. ती घाबरून उठली तर अंडी उन्हात पडणार. परत देणारच होतो."

"मग मला सांगायचं ना!"

"कोणत्या तोंडाने? तुमच्या फोनला सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. मीही तिकडे जातो हो, पायी. मला बघून ती लांबूनच ओरडायला लागते आणि मी मागे फिरतो. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही."

बाहेर परीक्षकांची गाडी थांबली. सेक्रेटरींनी घसा खाकरला. "कार्डावर ठिकाण नसेल तर स्पर्धेत घेता येणार नाही. नियम आहे."

बेकरीवालीने फोटो हातात घेतला. तिला तो लावायचा होता, फार फार लावायचा होता. हात फ्रेमपर्यंत गेलाही. मग तिने तो आपल्या पिशवीत ठेवला.

"राहू द्या. बाद तर बाद. आधी तिची पोरं."

पहिलं बक्षीस एका धबधब्याला मिळालं. डॉक्टरांना तो मुळीच आवडला नाही आणि ते त्यांनी परीक्षकांना तोंडावर सांगितलं.

पिल्लं दोन दिवसांनी बाहेर आली. लांब पायांवर ठेवलेले कापसाचे गोळेच! आईमागून तुरुतुरु पळत ती गवतात शिरली. बेकरीवालीने ते गाडीतून पाहिलं. शेजारच्या सीटवर तोफवाले होते, तोफ घरी ठेवून, मांडीवर पिठाची पिशवी घेऊन.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी टिटवी कार्डासकट भिंतीवर चढली. बेकरीवाली पाव पोचवून धावतपळत आली, तर आपल्याच फोटोजवळ जायला तिला जागा मिळेना. गर्दीच्या पुढून तोफवाल्यांचा आवाज येत होता.

"जवळून बघा! ती पिसं बघा! फोनवर काढलाय, फोनवर!"

"काका, तुम्ही काढलात?" एका मुलीने विचारलं.

तोफवाल्यांनी वळून पाहिलं. मागे उभी असलेली बेकरीवाली त्यांना दिसली.

"नाही गं," ते म्हणाले, "मला नाही जमला. यांनी काढलाय." आणि गर्दी बाजूला सारून त्यांनी तिला पुढे घेतलं.