जित्याला द्यायचं आवतन

मायला हॉटेलात जेवायला न्यायचं म्हणून मी औरंगपुऱ्यातल्या कापडाच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली. हॉटेलचं नाव ऐकून शेठ हसला. हसू दे. माझे वडील, मुंजाबा, त्याच हॉटेलात बावीस वर्षं निखाऱ्यांपुढं उभं राहून कबाब भाजत होते, आणि त्या बावीस वर्षांत आम्हाला पुढच्या दारानं कुणी आत घेतलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी हॉटेलचं रूप पालटायचं काम निघालं. पहिल्याच दिवशी वडील आपल्या सळ्या आणायला मागच्या जुन्या भटारखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. मागच्या फाटकानं निघून गेले, असं हॉटेलवाल्यांनी सांगितलं. पोलिसांनी 'बेपत्ता' लिहून घेतलं. त्याच दुपारी भटारखान्याच्या तोंडावर भिंत घातली होती, हे मला वर्षभरानं एका गवंड्यानं सांगितलं. ती भिंत फोडा म्हणून मी कुणाकुणाच्या पाया पडलो, ते विचारू नका. आमच्यासारख्यांसाठी कोण भिंत फोडतंय?

माय, सुगंधाबाई, कुंकू लावून वाट बघत राहिली. यंदा पितृपक्षात गंगापूरहून कडूबाकाका आले आणि म्हणाले, "वहिनी, आता त्याच्या नावानं घास टाकू."

माय भडकली. "घास मेलेल्याला टाकत्यात. जित्याला आवतन देत्यात. आधी मला त्यांची जागा बघू द्या. तिथं काय नाय गावलं, तर माझ्या हातानं कुंकू पुसते."

म्हणून आम्ही गेलो. भर दुपारची वेळ होती, तरी आत दिवे मंद होते. अत्तरासारखं काहीतरी महागडं फवारलं होतं आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, लाकडी कोळशाचा जुना धूर. माझ्या वडिलांच्या सदऱ्याला यायचा तोच. वेटरनं आधी मायच्या चपलांकडं पाहिलं, मग आम्हाला खांबाआडचं टेबल दिलं.

कबाब आले. माय हात लावेना.

"बघ..." ती हळूच म्हणाली.

वडील खिमा सळीवर मुठीत दाबायचे, तेव्हा त्यावर बोटांचे वळ उठायचे. चारा कापायच्या यंत्रात त्यांचं मधलं बोट गेलं होतं, त्यामुळं एक वळ, मग रिकामी जागा, मग दोन वळ. ताटलीतल्या सगळ्या कबाबांवर तेच होतं. एक. रिकामी जागा. दोन.

मी उठून तडक आत, नव्या भटारखान्यात गेलो. आचारी बिचारा भला माणूस होता. "हाथ कौन लगाता साब? साँचे में दबाते," म्हणत त्यानं त्याचे कबाब दाखवले. गुळगुळीत होते. आमची ताटली मागच्या, नंतर घातलेल्या फरशीच्या भिंतीजवळ तयार ठेवलेली दिसली, म्हणून वेटरनं उचलली होती. तिथं कुणी ठेवली, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी भिंतीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चटका बसला.

"वो हमेशा गरम रहती," आचाऱ्यानं आवाज खाली घेतला. "पीछे तो कुछ नहीं है..."

मी कान लावला. पलीकडं सळी फिरत होती. कर्र... कर्र... मग ती थांबली. कुणीतरी पलीकडून कान लावावा, तशी शांतता झाली.

मला कळायचं ते कळलं. माझा बाप त्या भिंतीआड मेला होता, आणि लोक इथं बसून लिंबू पिळत होते. मला ओरडावंसं वाटलं. मी मायकडं परत आलो.

"हायेत?" मायनं विचारलं. तिचा चेहरा असा फुलला होता की मला खरं सांगवेना.

"हायेत, माय. कामात हायेत."

तेवढं एकच खोटं मी बोललो. माय रडत रडत सगळे कबाब जेवली. मी हात धुवून आलो, तर ती नव्या भटारखान्याच्या दारात उभी राहून आतल्या भिंतीशी बोलत होती.

"काय केलंस?"

"आवतन दिलं. म्हणलं, लई दिस झालं, आज घरला जेवाया या."

मेलेल्याला आमच्यात कुणी आवतन देत नाही. दिलं, तर ते ऐकून कोण उठून येईल याचा भरवसा नसतो, असं म्हातारी माणसं सांगतात. माय ते विसरली नव्हती. तिला मीच फसवलं होतं.

चारच्या सुमाराला रिक्षातून उतरलो. लख्ख ऊन होतं. शेजारच्या सरूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या.

"सुगंधाबाई, पाव्हण्याला आत कोंडून कुठं गेल्ता? मघापासून आतून दार वाजवायलेत. मी म्हणलं, बाहेरनं कुलूप हाय, जरा दम धरा..."

मी किल्ली मुठीत घट्ट धरली. "माय, उघडू नको. मी खोटं बोललो. ते नाहीत... ते गेले, माय."

तिनं ऐकलंच नाही. माझी बोटं एकेक करून सोडवली आणि किल्ली घेतली.

तेवढ्यात आतून हाक आली. "सुगंधे..."

तो आवाज माझ्या वडिलांचा नव्हता.

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आले," ती म्हणाली, आणि कुलपाला किल्ली लावली.